खाडीवरचा दुसरा मनोरा

पालेभाटच्या चर्चचा फोटो खाडीच्या बाजूने चांगला येतो. येणारे सगळे तिथूनच काढतात, तुम्हीही काढा. मग मात्र जरा जवळ या आणि मनोऱ्याची भिंत खालून वर बघत जा. पहिले दोन मजले कोरडे ठणठणीत आहेत. तिसऱ्या मजल्याच्या मध्यापासून वर भिंतीला पांढरे पोपडे आलेले दिसतील. तो चुना नव्हे, मीठ आहे. दर उन्हाळ्यात ते फुलते, गिलावा सोडवते आणि खाली अंगणात पडते. कितीदा खरवडले, कितीदा रंग दिला, तरी मीठ त्याच रेघेपासून वर येते आणि त्या रेघेच्या खाली कधी उतरत नाही. बाहेरचे लोक म्हणतात, खारा वारा लागतो. वारा काय रेघ बघून लागतो? गावाला कारण ठाऊक आहे.

आणखी एक बघा. चर्चचे मोठे दार खाडीकडे आहे आणि गाव आहे मागे. म्हणजे ज्या लोकांनी हे बांधले, त्यांच्याकडेच चर्चने पाठ केली आहे. पालेभाटकर मागच्या लहान दाराने वाकून आत जातात. मोठे दार सणालासुद्धा उघडत नाहीत. देवासाठी बांधले, असे बांधणारे सगळेच म्हणतात. बांधताना मनात कोण होते, ते मात्र दाराचे तोंड कुठे आहे यावरून कळते.

कंपनी सरकारचा अंमल नुकता बसला होता तेव्हाची ही हकीकत, असे सांगतात. तेव्हा इथे मनोरा नव्हता. दिलासा माऊलीचे ठेंगणे देऊळ होते. इकडची जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणत. झावळ्यांनी शाकारलेले छप्पर, तीन बाजूंना भिंती, आणि चौथ्या बाजूला काहीच नाही. दर्शनी भिंत नव्हतीच, कारण कोणाला दर्शन घडवायचे नव्हते. त्या एका छपराखाली एका टोकाला माऊलीची वेदी होती आणि दुसऱ्या टोकाला गोड्या पाण्याची बाव. बाव म्हणजे आपली विहीर. तिच्यावर रहाट होता आणि रहाटाला हाल्या, म्हणजे रेडा, जुंपलेला असे. मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, चालू असताना रहाट कुरकुरत राही, आणि त्यात देवाचा अपमान होतो असे कोणाला वाटत नसे. दुपारी मिठागरात राबणारे लोक येत. ते काही आमच्या धर्माचे नव्हते. पाणी पीत, सावलीला टेकत, वेदीकडे पाय करून झोपतही. पाद्रीबाब त्यांच्यावरून पाय जपून टाकत जात.

समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी बावीचे पाणी शहाळ्यासारखे गोड होते म्हणे. त्यामागे चमत्कार नव्हता, शिस्त होती. अशा जागी जमिनीत खाली खारे पाणी असते आणि त्याच्यावर गोडे तरंगते. उपसा फार झाला की खालचे वर येते. हे पालेभाटच्या पोरासोरांना ठाऊक होते. म्हणून संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की रहाटावर एक हिरवी झावळी आडवी टाकत. झावळी पडली की बाव निजली. मग उजाडेपर्यंत तिच्यात कोणी पोहरा सोडायचा नाही, घरात कोणी तहानलेले असले तरी नाही. झावळी टाकण्याचा आणि उचलण्याचा मान एका घराकडे होता, आणि त्या वेळी त्या घरात कोन्सू होती.

कोन्सू विधवा. बावीला लागून तिचा पानवेलींचा मळा होता आणि तिला एकच मुलगा होता, दुमिंग. दुमिंगला मातीत राम वाटेना. तो एका गलबतावर खलाशी म्हणून चढला आणि मलबाराकडे गेला. हंगाम संपला, गलबत परतले नाही. पुढल्या साली दक्षिणेचा कोणी तांडेल, म्हणजे गलबतावरचा म्होरक्या, या बाजूला आला, त्याने सांगितले की ते गलबत खडकावर फुटले, पण काही माणसे दुसऱ्या जहाजाने उचलली. कोण कोण, ते त्याला सांगता येईना. त्या ‘काही माणसां’वर कोन्सू जगू लागली. घरात दुमिंगचे ताट रोज पालथे घातलेले असे आणि रोज धुतलेलेही असे.

खाडीच्या पलीकडच्या तीरावर शिरगाळे गाव आहे. तिथला मनोरा फिरंग्यांच्या अमदानीतला. दर्यावरच्या लोकांची ती खूणच होती. डाव्या हाताला मनोरा आणि उजव्या हाताला नुसते माडांचे काळे बन, असे दिसले की समजायचे खाडी आली, होडी सोडा. दुमिंग ही खूण बापाच्या खांद्यावर बसून शिकला होता.

आता पालेभाटला त्या मनोऱ्याचे काही दुखत नव्हते. पण एका वर्षी बिशपांची स्वारी किनाऱ्याने येणार असे कळले आणि गावाला हुरूप आला. केळीचे खांब लावले, वाटेवर वाळू पसरली, मटण शिजवले, पिठाचे गोल फुगे तळले. सगळे गाव नवे कपडे घालून खाडीवर माडांच्या सावलीत उभे. बिशपांचे तारू आले आणि समोरून सरळ शिरगाळ्याला गेले. पाण्यावरून पालेभाट दिसलेच नाही, माडच दिसले. नंतर कोणी धीर करून ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली, तेव्हा त्यांनी विचारले म्हणे, “तिथे चर्च आहे?” ते रागाने बोलले नव्हते, त्यांना खरोखरच माहीत नव्हते. पण तो प्रश्न पालेभाटच्या जिव्हारी लागला. शिजवलेले जेवण गावाने स्वतःच संपवले, आणि ते कोणाच्या अंगी लागले नाही.

बावतीस मुकादमाने त्याच आठवड्यात गाव गोळा केले. मुकादम म्हणजे गावचा कारभारी. माणूस वाईट नव्हता, नाकाचा मात्र फार मोठा. तो म्हणाला, मनोरा बांधायचा, शिरगाळ्यापेक्षा एक मजला उंच. कसा बांधायचा? अगदी शिरगाळ्यासारखा, तसाच. कारण वेगळा बांधला तर आपला मोठा आहे हे लोकांना कसे कळणार? या अकलेवर गावाने माना डोलावल्या. म्हातारे पाद्रीबाब एवढेच म्हणाले, “माऊलीला सावली पुरे हाय.” त्यांचे ऐकून घेतले आणि पुढच्या बोलण्याला सुरुवात झाली.

मनोऱ्याला लागतो चुना. शिंपल्या खाडीत होत्या, जाळायला लाकूड होते, चुना मळायला घाणी आणि रेडे होते. पण चुना विझवायला पाणी, मळायला पाणी, रचलेली भिंत दिवसभर भिजती ठेवायला पाणी. तेही गोडेच पाहिजे, देवाच्या भिंतीत खारे घालायचे नाही. दिवसाचे पाणी माणसांना आणि मळ्यांना पुरत होते, तेवढेच. बांधकामाला रात्रीचे पाणी हवे. म्हणून मुकादम कोन्सूच्या दारात आला.

“कोन्सूबाय, मनोरा उभा रायपर्यंत झावळी नको टाकू,” तो म्हणाला.

“बाव निजली नाय तर पानी बिघडल, मुकादम.”

“थोडे दिवसांचा सवाल हाय गो. नंतर निजव ना तिला पायजे तेवढी.” कोन्सू मळ्याकडे वळली, तसा तो जाता जाता बोलून गेला, “आनी मनोरा वर गेला का दर्यातून पयला आपलाच दिसल. तुजा दुमिंग कंय पन असला तरी बगल नि येईल.”

हे शेवटचे त्याने ठरवून म्हटले नव्हते, असे सांगतात. तो बाकीच्याच गोष्टी घोकून आला होता. पण कोन्सूने बाकीचे काहीच ऐकले नाही. तिने विचारले, “किती लांबून दिसल?” मुकादमाने हात लांब करून पाणी आणि आभाळ टेकतात तिथे बोट दाखवले.

त्या संध्याकाळी घंटा झाली आणि झावळी पडली नाही. काहीजण सांगतात, कोन्सू झावळी उराशी धरून रडली. ती रडली बिडली नाही. तिला आनंद झाला होता. सगळ्यांत वाईट वाटते ते याचेच.

मग कामाला जोर आला. भट्ट्या पेटल्या, रहाट थांबेना, हाले बदलत राहिले. ठेंगणे देऊळ उतरवून त्याचे वासे परांचीला वापरले, आणि बाव उघडी पडली. दुपारी मिठागरातले लोक आले, तेव्हा त्यांना पाणी नाही म्हणून सांगितले. त्यांच्यात एक म्हातारी होती. तिने आपले रिकामे मडके काखेत घेतले आणि ती आल्या वाटेने परत गेली. तिने जाताना शाप दिला, असे पालेभाटात अजून सांगतात. गावाला शाप बरा पडतो, शाप दुसऱ्याने दिलेला असतो. जाणकार म्हणतात की ती एक शब्दही बोलली नाही.

कोन्सू स्वतः पाट्या वाहायला जायची. वयाने थकलेली बाई, पण परांचीवर चढायची आणि समुद्र कुठपर्यंत दिसतो ते बघायची. पहिल्या मजल्यावरून माडांचे शेंडे दिसले. दुसऱ्यावरून खाडीचे तोंड दिसले. बायका तिला चिडवायच्या, “कोन्सूबाय, आला काय गो तारू?” आणि तीही हसायची. इतक्या वर्षांत तिला कोणी हसताना बघितले नव्हते.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिसरा मजला अर्धा झाला होता. कोन्सूच्या मळ्यातली पाने कडेने करपू लागली. उन्हाने असेल, लोक म्हणाले. एका सकाळी तिने बावीवर ओंजळ लावली आणि तिच्या जिभेला कळले. अगदी थोडे, नीट लक्ष दिले तरच लागेल इतके. बाकीच्यांनाही चव बदललेली लागत होती, पण सगळ्यांचे हात चुन्यात होते, मडकी चुन्यात होती, त्यांनी ते चुन्यावर घातले. कोन्सूला फसायला जागा नव्हती. जन्मभर तिने त्या पाण्याचा पहिला घोट घेतला होता.

ती मुकादमाकडे निघाली होती म्हणे. वाटेत तिने वर बघितले. तिसऱ्या मजल्यावरून अजून खाडीच्या तोंडापुढे फारसे दिसत नव्हते. अजून थोडेच राहिले आहे, मग झावळी टाकू, महिना दोन महिने बाव झोपली की गोडी परत येईल, असे तिने मनाला समजावले आणि ती पाटी उचलून कामाला लागली. तुम्ही मघाशी बघितलीत ती रेघ त्या दिवसाची आहे.

खाडीकडे तोंड केलेल्या नव्या चर्चसकट मनोरा पुरा झाला. शिरगाळ्यापेक्षा एक मजला उंच, शब्दाला पालेभाट जागले. सण झाला, घंटा वाजली, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. तो एक दिवस गावाने मनापासून उपभोगला, तो त्यांच्याकडून काढून घेऊ नये. त्याच संध्याकाळी कोन्सूने झावळी टाकली. आठवड्याने बावीचे पाणी पिववेना. पुढे गुरे तोंड लावीनात. पावसाळे आले आणि गेले, झावळी रोज पडत राहिली, बाव झोपतच राहिली. गोडी परत आली नाही. दुसरीकडे खणले तर तिथेही तेच. आधी पानवेली गेल्या, मग केळी, मग माणसे. ज्यांच्या सोयरिकी आत डोंगराच्या बाजूला होत्या ते तिकडे गेले. बावतीस मुकादमही गेला. जाताना त्याने मनोऱ्याकडे वळून बघितले नाही, असे सांगतात, पण असे सांगायला कोणालाही आवडेल. उरलेल्यांना शिरगाळ्याहून होडीने पाणी येऊ लागले. शिरगाळेकरांनी कधी नाही म्हटले नाही, आणि पालेभाटला हे अजून टोचते.

कोन्सू कुठे गेली नाही. ती मनोऱ्यावर रोज चढायची. वरून खरोखरच फार लांबचे दिसायचे.

आणि मग एका दुपारी ओहोटी लागायच्या बेताला खाडीच्या तोंडाशी एक गलबत थांबले. त्यांनी एका माणसाला होडीत घालून किनाऱ्यावर आणले. अंगात ताप फुललेला, डोळे खोल गेलेले, दाढी छातीपर्यंत. तांडेल म्हणाला, आमच्याने याला पुढे नेववत नाही, इथे चर्च दिसले म्हणून आणले, तुम्ही बघा. कोन्सू गर्दीतून पुढे आली आणि तिने त्या माणसाच्या पायावरच्या जुन्या खुणेकडे एकदा बघून त्याचे डोके मांडीवर घेतले. तो दुमिंग होता.

तांडेलाने पुढचे सांगितले ते गावाने उभ्या उभ्या ऐकले. हा माणूस पूर्वी दोनदा याच किनाऱ्याने आमच्याबरोबर गेला आहे, तो म्हणाला. दोन्ही वेळा नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकाला, उभा राहायचा, डोळ्यात तेल घालून बघायचा. मी विचारले, हीच का तुझी खाडी? तर म्हणायचा, नव्हे. माझ्या खाडीला एकच मनोरा आहे, इथे तर दोन दिसतात. माझी अजून पुढे असेल. पुढे मिळाली नाही की म्हणायचा, मागे राहिली असेल. आम्ही त्याला हसायचो. आम्हा दक्षिणेकडच्यांना इथल्या गावांची नावे कुठली माहीत? आमच्यासाठी खूण हेच नाव.

 कोन्सूने तेवढे ऐकले, मनोऱ्याकडे बघितले आणि मुलाला उचलायला सांगितले.

घरी नेल्यावर दुमिंगने पाणी मागितले. शिरगाळ्याची होडी ओहोटीमुळे आली नव्हती, मडके कोरडे होते. कोन्सूने बावीचे पाणी फडक्यातून गाळले आणि त्याच्या ओठाला लावले. त्याने घोट घेतला आणि थुंकून टाकला. तोवर शेजारीण आपल्या घरचे उरलेले पाणी घेऊन आली, आदल्या दिवशी शिरगाळ्याहून आलेले. ते मात्र तो गटगटा प्याला. त्याला पाण्याची जाण होती, पालेभाटचाच होता तो. त्याने डोळे उघडले आणि त्याचा चेहरा उजळला.

“हा शिरगाळ्याचा पानी,” तो म्हणाला. “म्हंजे आलो. मावशे, आता मना तेवडा पल्याड सोड. माजी आय वाट बगते.”

“बाबू, मीच तुजी आय. आपलेच घरान हायस तू.”

त्याने खिडकीतून बाहेर बघितले. दारासमोर मनोरा होता, मळा नव्हता. तो कोन्सूकडे बघून हसला, आपले बरे व्हावे म्हणून कोणी परके खोटे बोलले तर आपण हसतो तसे. “माजे आयचे बावीचा पानी गोड हाय,” तो म्हणाला. “सोडशील ना मावशे? जवलच हाय.”

तो रात्रभर आणि सकाळभर तेच मागत राहिला. कोन्सूने सांगायचे ते सगळे सांगून बघितले, त्याच्या बापाचे नाव, हाल्याचे नाव, लहानपणी पडला होता त्याची खूण. तो म्हणे, तुमना कसा ठावं? आयनं सांगितला असल. शेवटी भरती आली तेव्हा कोन्सूच म्हणाली, होडी काढा, त्याला पाण्यावर नेऊ आणि फिरवून परत इथेच आणू. पाण्यावरून आल्यावर कदाचित त्याला पटेल. वेडी आशा होती, पण दुसरे काही उरले नव्हते.

होडी खाडीच्या मध्यावर आली तसे दुमिंगने आपल्याला उठवून बसवायला सांगितले. त्याने एका तीराकडे बघितले, तिथे मनोरा होता. दुसऱ्या तीराकडे बघितले, तिथेही तसाच मनोरा होता. त्याने मान वळवून पुन्हा पहिल्याकडे बघितले. वल्ही मारणारे सांगत की तो ओरडला नाही, काही विचारलेही नाही. फक्त घरी पोचायचे म्हणून जे बळ धरून ठेवले होते, ते त्याने सोडून दिले. कोन्सू त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत होती, “तू घरा हायस, बाबू. तू घरा हायस.” तो खाडीच्या मध्यावरच गेला, आणि ती तीराला लागेपर्यंत म्हणतच राहिली.

त्याची शवपेटी मोठ्या दाराने आत नेऊ लागले, तेव्हा कोन्सू आडवी आली. मागच्या भिंतीला एक वाट ठेवली होती, झाडलोट करणाऱ्यांसाठी. तिने त्याला तिथून नेले. त्या दिवसापासून मोठे दार बंद आहे. मनोरा पाडा, असेही ती म्हणाली होती. आशीर्वाद दिलेला मनोरा पाडता येत नाही, असे तिला सांगण्यात आले. खरे म्हणजे पाडायला तेवढी माणसेच गावात उरली नव्हती.

कोन्सूचे पुढे काय झाले, हे कोणी नीट सांगत नाही. पण तिने होडीत जे म्हटले, ते गावाने उचलले. आजही पालेभाटच्या माणसाचा शेवट जवळ आला, मग तो इथे असो की मुंबईच्या इस्पितळात, तर घरातले सगळ्यात जवळचे माणूस आधी त्याच्या कानाशी वाकते आणि म्हणते, “तू घरा हायस.” पाद्रीबाब शेवटच्या संस्काराचे तेल हातात घेऊन थांबतात, हे झाल्याशिवाय त्यांची प्रार्थना सुरू होत नाही. ज्यांनी ते म्हटले आहे, ते लोक नंतर त्याबद्दल फारसे बोलत नाहीत. एवढेच सांगतात की ऐकणारा बहुतेक वेळा डोळे उघडतो, आपल्याच माणसांकडे एकेक करून बघतो, आणि मान हलवतो, नाही म्हणून.